आघात, स्मृती आणि अस्मिता : विदर्भाच्या गावांत साहित्य-संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

मराठी विभागातून एम. ए. झालेला विद्यार्थी पीएच.डी.साठी ‘आघात, स्मृती आणि सांस्कृतिक अस्मिता’ यांसारखा विषय घेतो, मार्गदर्शक होकार देतात, आणि पहिल्याच सुट्टीत तो मोबाइल घेऊन एखाद्या गावात जाऊन पोहोचतो. तेथे काय विचारायचे, कोणाला विचारायचे आणि मिळालेल्या सांगण्याचे साहित्याच्या अभ्यासात नेमके काय करायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते, कारण साहित्याच्या विभागांत छापील पुस्तक वाचायला शिकवतात आणि माणसांत बसायला समाजशास्त्राच्या विभागात शिकवतात. वऱ्हाड (पश्चिम विदर्भ) आणि झाडीपट्टी (पूर्व विदर्भातील धानाचा आणि जंगलाचा पट्टा) या दोन्ही भागांत असे काम करताना जे समजले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने लिहिते आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगते. विदर्भातील गावात तुम्ही ज्या दुःखाविषयी विचारणार आहात, ते बहुधा तुमच्याआधी अनेकांना सांगून झालेले असते : तलाठ्याला, ठाणेदाराला, वार्ताहराला, सर्वेक्षणाला आलेल्या मुलांना आणि मदत मंजूर करणाऱ्या समितीला. प्रत्येक वेळी ऐकणारा वेगळा होता, म्हणून सांगण्याचा घाटही बदलत गेला. साहित्याच्या अभ्यासकाला काही करता येण्याजोगे असेल तर ते या घाटांचे वाचन. त्यासाठी कोणालाही पुन्हा रडवावे लागत नाही, आणि खालच्या बहुतेक सूचना याच एका जाणिवेतून आलेल्या आहेत.

१. विषय लहान करा

‘विदर्भातील शेतकरी आत्महत्या आणि मराठी साहित्य’ हा विषय एका प्रबंधात मावत नाही. त्याऐवजी दोन-तीन साहित्यकृती, एक तालुका आणि कथनाचा एक प्रकार इतकीच चौकट घ्या. उदाहरणार्थ, धम्मदीक्षेच्या कौटुंबिक आठवणी आणि पुढच्या पिढीची कविता. गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या गावांतील स्त्रियांची गाणी. झाडीपट्टी रंगभूमीवरील एखाद्या दशकातील नाटकांत गावातील घटनांचे होणारे रूपांतर. किंवा सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’सारख्या कादंबरीतील शेतकरी घराची भाषा आणि त्याच पट्ट्यातील माणसांची आजची बोलणी. यांपैकी कोणताही विषय तीन-चार वर्षांत नीट पार पाडता येतो.

येथे पहिला मोठा धोका असतो. नवा अभ्यासक सर्वांत गाजलेल्या घटनेकडे धावतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचे प्राण गेले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत हत्याकांड झाले. या घटनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तेथील कुटुंबांकडे आजवर किती अनोळखी माणसे वही उघडून बसली असतील याचा विचार करा. माझे स्पष्ट मत असे की, पहिल्याच संशोधनासाठी अशा घटनेवर काम करायचे झाल्यास तिच्यावरील कविता, नाटके, गाणी, वृत्तपत्रीय लेखन आणि दरवर्षीची स्मरणसभा यांवर करावे. त्या घरांचे दार वाजवू नये.

२. सिद्धांत मोजका घ्या, पण तो तपासून घ्या

आघाताच्या साहित्यविचाराची बरीचशी मांडणी युरोपात ज्यूंच्या झालेल्या संहाराच्या साक्षींभोवती उभी राहिली. कॅथी कॅरुथ या अमेरिकन साहित्य-अभ्यासकांनी १९९०च्या दशकात मांडलेला विचार थोडक्यात असा की, आघाताची घटना घडते त्या क्षणी माणसाला ती पूर्णपणे अनुभवता येत नाही, आणि म्हणून ती उशिरा, तुकड्यातुकड्यांनी, पुन्हा पुन्हा परतून येते. हा विचार एका विशिष्ट, अचानक कोसळलेल्या घटनेला धरून आहे. कोरडवाहू शेती करणाऱ्या घरी मात्र आपत्ती दरवर्षी खरिपाबरोबर येते. तिला सुरुवात आणि शेवट नसतो, ती कर्जाच्या नूतनीकरणासारखी पुढे ढकलली जाते. जातीचा अपमानही एका दिवसाचा नसतो. म्हणून ‘घटना आणि तिचे परत येणे’ ही चौकट जशीच्या तशी लावली, तर तुमच्या सामग्रीतील सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे रोजचे झिजणे, चौकटीबाहेर राहतो.

मला तीन विचार अधिक उपयोगी पडले. मोरीस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्येच दाखवले होते की, माणूस आठवतो तोही समूहाच्या चौकटीत आठवतो. कुटुंब, धर्म, वर्ग यांनी दिलेल्या आधारांशिवाय आठवण टिकत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेफ्री अलेक्झांडर यांच्या म्हणण्यानुसार एखादी घटना आपोआप सांस्कृतिक आघात ठरत नाही. ती तशी आहे हे समाजापुढे मांडणारे गट लागतात, आणि म्हणून कोणत्या दुःखाला असे वाहक मिळाले व कोणत्या दुःखाला मिळाले नाहीत, हा प्रश्न विचारावा लागतो. तिसरा विचार साहित्य-अभ्यासक मारिआन हर्श यांचा : ज्यांनी घटना पाहिली नाही अशा पुढच्या पिढीकडे ती गोष्टींतून, छायाचित्रांतून आणि घरातील अबोल्यातून इतकी दाट पोहोचते की ती जवळजवळ त्यांची स्वतःची आठवण होते.

हे तिन्ही विचार लागू करून पाहण्यासाठी विदर्भात धम्मदीक्षेइतके चांगले उदाहरण नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दीक्षा झाली. ती पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत, पण नातवंडांच्या तोंडी आजोबा कोणत्या वाटेने गेले, बरोबर कोण होते, घरातले देव कुठे नेऊन सोडले, याच्या गोष्टी आहेत. भीमगीते, जयंतीची भाषणे आणि दरवर्षीचे दीक्षाभूमीला जाणे यांनी ती आठवण वाहून आणली आहे. मात्र हे दीक्षेचे कथन दुःखाचे नसून मान ताठ होण्याचे आहे. आघाताच्या सिद्धांताचा चष्मा लावून बसलेला अभ्यासक तेथेही जखमच शोधू लागतो आणि समोरच्या आजीच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याच्या टिपणात येत नाही. अस्मिता जशी सोसण्यातून घडते तशीच सोडून देण्यातून आणि नव्याने धरण्यातूनही घडते, ही बाजू आपल्या आराखड्यात पहिल्यापासून ठेवा.

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात पाश्चात्त्य विचारवंतांची रांग लावण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यापासून दूर राहा. पुढच्या प्रकरणांत ज्याचा उपयोग होणार नाही असे नाव पहिल्या प्रकरणात नको.

३. नोंदणी आणि कागदपत्रे

हा भाग रुक्ष आहे, म्हणून लवकर आटोपते. नागपूर, अमरावती किंवा गडचिरोलीचे गोंडवाना, ज्या विद्यापीठात नोंदणी करायची त्याची चालू वर्षाची अधिसूचना स्वतः वाचा. प्रवेशासाठी नेटचे गुण चालतात की विद्यापीठाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, हे ठिकाणानुसार आणि वर्षानुसार बदलते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे; महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. अधिछात्रवृत्तीसाठी आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे लागते.

गावात जाताना पिशवीत पुढील गोष्टी असाव्यात :

– विद्यापीठाचे ओळखपत्र आणि आधार कार्डाची प्रत
– मार्गदर्शकांच्या सहीचे, संशोधन केंद्राच्या शिक्क्याचे मराठीतील पत्र, निदान पाच-सहा प्रतींत
– ग्रामसभेला किंवा ग्रामपंचायतीला द्यायचा एकपानी अर्ज
– मोठ्या अक्षरांतील संमतिपत्र
– ध्वनिमुद्रक किंवा चांगला मोबाइल, कॉलरला लावायचा छोटा माइक, पॉवर बँक, जास्तीचे मेमरी कार्ड
– साधी वही आणि पेन (पावसाळ्यात वहीला प्लास्टिकची पिशवी)

मार्गदर्शकांचे पत्र इंग्रजीत असेल तर ते मराठीत करून घ्या. इंग्रजी पत्र आणि शिक्का दिसला की कर्जमाफीची किंवा घरकुलाची चौकशी आली असे वाटते, आणि पुढचे सगळे बोलणे त्या समजुतीवर चालते.

४. गावात जाण्यापूर्वी कागद वाचा

विदर्भ म्हणजे एकच इतिहास नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (चंद्रपूर) या जुन्या मध्यप्रांताच्या भागात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत सरकारकडे जाई, आणि ती १९५१ मध्ये संपली. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा देई. त्यामुळे भंडाऱ्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात मालगुजाराचा वाडा, बेगार आणि तलावाचे पाणी येते, तर अकोला-अमरावतीकडे पाटील, देशमुख, सावकार आणि कापसाचा भाव येतो. ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर ‘तो वाडा’ असे कोणी म्हटल्यावर त्यात काय काय साठलेले आहे, हे तुम्हाला ऐकूच येणार नाही.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून कोतवाल बुकाची नक्कल मिळू शकते. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात आणि जातीचे दाखले काढणाऱ्यांमुळे कारकुनांना ते चांगले ओळखीचे आहे. मालगुजारीच्या भागात बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाची जुनी नोंद) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) पाहा. गावाची वाट, गुरचरण, स्मशान कोणाचे आणि कोठे होते, हे त्यावरून समजते. विदर्भ ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणून त्याआधीचे शासकीय कागद बरेचसे इंग्रजी-हिंदीत सापडतील. नुसते मराठी शोधत बसू नका. नागपूरचे अभिलेखागार, विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय, यवतमाळचे शारदाश्रम आणि तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांतील जुन्या वृत्तपत्रांच्या फायली यांना वेळ द्या. कोतवाल बुकात जातींची जी नावे येतात ती आज अपमानास्पद ठरू शकतात. ती नक्कल गावातील चावडीवर उघडून बसू नका.

कागद वाचण्याचा हेतू माणसांना खोटे ठरवणे हा नाही. आलेस्सांद्रो पोर्तेली या इटालियन अभ्यासकाने तेर्नी या कारखानदारीच्या गावात काम करताना पाहिले की, १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेलेल्या एका कामगाराचा मृत्यू लोक १९५३ च्या मोठ्या संपातला म्हणून सांगत होते. त्यांनी ती चूक मानून सोडून दिली नाही. मृत्यूला त्याच्या योग्यतेची जागा मिळावी म्हणून आठवणीने तारीख हलवली, असा तिचा अर्थ लावला. आपल्याकडेही ‘नापिकीच्या साली’ घडलेले म्हणून जे सांगितले जाते, ते कागदावर दोन वर्षे आधीचे निघते. कागद आणि आठवण यांतील हे अंतर हाच तुमचा अभ्यासविषय आहे, म्हणून समोर बसून तारीख दुरुस्त करू नका. फक्त टिपून ठेवा.

५. हंगाम पाहून जा

विद्यापीठाच्या सुट्ट्या आणि शेतीचा मोकळा वेळ यांचा मेळ बसत नाही. धानाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी. तेव्हा घरी फक्त म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटतात. वऱ्हाडात दिवाळीच्या आधी सोयाबीनची सवंगणी आणि नंतर कापसाची वेचणी चालते. जंगलालगतच्या गावांत मार्च-एप्रिलला मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे पहाटेपासून घराला कुलूप. वऱ्हाडात जानेवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत आणि झाडीपट्टीत डिसेंबर-फेब्रुवारी हे दिवस त्यातल्या त्यात बरे. झाडीपट्टीत त्याच दिवसांत मंडई (गावजत्रा) आणि रात्रभर चालणारी नाटके असतात, आणि वडसा-देसाईगंज हे त्या नाटकांचे मुख्य ठाणे आहे. अनेक संहिता छापलेल्या नसतात, म्हणून लेखकाला किंवा मंडळाला भेटून हस्तलिखित पाहण्याची परवानगी आधीच मागा.

काही दिवस मात्र मुद्दाम गाठावेत. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहतात तेव्हा झडत्या (यमक जुळवून म्हणायच्या चुरचुरीत ओळी) म्हटल्या जातात; त्यांत जुन्या झडत्यांसोबत त्या वर्षीचा भाव, विमा, पुढारी आणि कर्ज यांच्यावर नव्याने रचलेल्या ओळी असतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाईची गाणी असतात, आणि त्यांत सासरच्या जाचाची एक पूर्ण भाषा जतन झालेली आहे. नव्या अभ्यासकाने एकट्या माणसाला दुःख विचारण्याआधी गाव आपणहून चारचौघांत काय म्हणते ते ऐकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. झडतीतील उपरोध ऐकलेला माणूस पुढे मुलाखतीतही उपरोध ओळखतो; नाही तर बापाच्या कर्जावर हसत बोलणाऱ्या मुलाचे वाक्य तो ‘असंवेदनशीलता’ या मथळ्याखाली टाकून मोकळा होतो.

६. परवानगी आणि संमती

आधी सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना भेटून पत्र द्या. पेसा क्षेत्रातील (आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालील) आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेपुढे जाणे हीच योग्य रीत आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) यांसारख्या गावांनी बाहेरून येणाऱ्यांशी बरोबरीने बोलण्याची परंपरा उभी केली आहे. तेथे तुम्हालाही प्रश्न विचारले जातील, आणि तसे ते विचारलेही जावेत.

मात्र सरपंचाबरोबर घरोघरी हिंडू नका. सरपंच ज्या गटाचा असेल त्याच्या बाहेरची माणसे मग फक्त नमस्कार करतात. पहिला चहा कोणत्या वस्तीत घेतला, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक होते. दलित वस्तीतील आठवणींवर काम करायचे असेल आणि मुक्काम पाटलाच्या वाड्यात असेल, तर त्या कामाला फारसा अर्थ उरत नाही. आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांना सर्व घरे माहीत असतात आणि कोणत्या घरी आत्ता जाऊ नये हेही त्या सांगतात. त्यांचा हा सल्ला डावलू नका.

संमतिपत्र वाचून दाखवा आणि मग आपल्या शब्दांत पुन्हा सांगा : हे कशासाठी आहे, कोण वाचेल, नाव येईल की नाही, आणि नको वाटले तर केव्हाही काढून घेता येईल. यातून कोणतीही मदत, नोकरी किंवा मोबदला मिळणार नाही, हे वाक्य दोनदा सांगावे लागते. संमती दोन वेळा घ्या. एकदा बोलण्याआधी आणि एकदा लिहून काढलेला मजकूर वाचून दाखवल्यानंतर. दुसऱ्या वेळी माणसे जे वगळायला सांगतात, ते निमूटपणे वगळा. अंगठा देण्याची भीती विदर्भात कर्जाच्या कागदांमुळे बसलेली आहे, म्हणून कोणी सही नाकारली तर तोंडी संमतीचे ध्वनिमुद्रण पुरे समजा.

रोजीचा प्रश्न येईल. मजुरीवर जाणाऱ्या बाईचा अर्धा दिवस घेणे म्हणजे तिची अर्धी रोजी घेणे. पैसे देऊन बोलणे घेऊ नये, असे पद्धतिशास्त्र सांगते. ते मला पटते, पण त्याचा अर्थ संध्याकाळी जाणे, शेतात बरोबर चालत बोलणे किंवा आठवडी बाजाराचा दिवस पाहणे असा घ्यावा.

७. प्रत्यक्ष बसणे

शेतकरी आत्महत्या झालेल्या घराचेच उदाहरण घ्या. मदतीसंबंधीच्या शासकीय निकषांत नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा ही कारणे तपासली जातात, जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते आणि पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. शेतजमीन नावावर नसलेली बाई स्वतः मेली, तर तिला शेतकरी म्हणून मोजताना अडचण येते. आता त्या घरातील कोणी तुमच्यासमोर बोलू लागते तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत जे येते, ते बहुधा या निकषांच्या क्रमानेच येते : पीक बुडाले, बँकेचे इतके, सावकाराचे तितके, माणूस येऊन बोलून गेला. हे खोटे नाही. ते अर्जाच्या रकान्यांत बसवून घट्ट झालेले कथन आहे, आणि समितीपुढे, वार्ताहरापुढे, पुढाऱ्यापुढे ते पुन्हा पुन्हा म्हटले गेलेले आहे. वनहक्काच्या दाव्यांतही तसेच होते, कारण तेथे गावातील वृद्धांचे लेखी जबाब पुरावा म्हणून धरले जातात. पुनर्वसनाच्या गावांत बुडालेल्या घराची आठवण खोल्या, झाडे आणि विहिरी यांच्या यादीच्या रूपात येते.

नवा अभ्यासक हे सर्व उतरवून घेतो आणि ‘आशय मिळाला’ म्हणून उठतो. तुम्ही बसून राहा. अर्जाचे कथन संपल्यावर एक गप्प जागा येते. त्यानंतर चुलीवरचे, गाईचे, लेकीच्या शाळेचे असे काहीतरी आडवळणाचे बोलणे सुरू होते आणि त्याला क्रम नसतो. मग अर्जाच्या कथनात कर्ता कोण आहे आणि या दुसऱ्या बोलण्यात कोण आहे, कोठे ‘आम्ही’ येते, कोठे वाक्य अर्धे राहते, मेलेल्या माणसाविषयी वर्तमानकाळ केव्हा वापरला जातो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला दिसू शकते. कथनमीमांसेचे जे शिक्षण तुम्हाला कादंबरीसाठी मिळाले, त्याचा खरा उपयोग येथे होतो.

प्रश्न कसे विचारावेत याविषयी थोडेसे. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ हा प्रश्न टाळा. तो दूरचित्रवाणीवाल्यांनी वापरून संपवलेला आहे. मृत्यूच्या दिवसाविषयी आपणहून विचारू नका. ‘काकू, तुमचं माहेर कोणतं?’ या प्रश्नापासून सुरुवात केली तर बाई आपले आयुष्य स्वतःच्या क्रमाने सांगू लागते, आणि कधी काय सांगायचे याचा ताबा तिच्याकडे राहतो. सासरा किंवा दीर शेजारी बसला असेल तर बोलणे वेगळे होते. त्यांना उठवू नका, पण वहीत तशी नोंद करा. कोणाचे रडणे आवरेना तर ध्वनिमुद्रण बंद करा, पाणी द्या, आणि त्या दिवशी पुन्हा सुरू करू नका. बोलण्यातून जीव देण्याचा विचार जाणवला तर संशोधन बाजूला ठेवून घरच्या विश्वासातल्या माणसाला आणि आशाताईंना कळवा, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची माहिती द्या आणि टेलि-मानसचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक कागदावर लिहून द्या. हा कागद आधीच खिशात असू द्या.

८. ध्वनिमुद्रण, लेखन आणि बोली

ध्वनिमुद्रण शक्यतो डब्ल्यूएव्ही स्वरूपात करा आणि त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती ठेवा. पंखा, कोंबड्या आणि डीजे यांचा आवाज नंतर काढता येत नाही, म्हणून जागा आधी पाहा. फाइलच्या नावात माणसाचे नाव न घालता तारीख आणि सांकेतिक क्रमांक घाला. नाव आणि क्रमांक यांची जोडयादी वेगळ्या वहीत ठेवा.

लेखनाला किती वेळ लागतो, याचा अंदाज नवख्यांचा नेहमी चुकतो. एका तासाच्या बोलण्याला सहा-आठ तास सहज जातात, आणि झाडीबोली किंवा कोरकू-गोंडीमिश्रित मराठी असेल तर त्याहून अधिक. आवाजावरून मजकूर करणारी यंत्रे वऱ्हाडीला गुपचूप प्रमाण मराठीत बदलतात. ‘काहून’ म्हटलेले ‘का’ होऊन येते आणि तुमच्या लक्षातही येत नाही. टंकलेखकाकडे दिले तर तोही ‘शुद्ध’ करून देतो. बोलीची रूपे, अडखळणे, गप्प राहणे आणि हसणे यांच्यासाठी खुणा ठरवून घ्या आणि त्या शेवटपर्यंत बदलू नका. आवाजासोबत लेखन जोडण्यासाठी ईलान ही मोफत संगणकप्रणाली चांगली आहे. आणि सर्व काही पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टंकित करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांतील प्रबंध शेवटच्या महिन्यात रूपांतरित करताना जोडाक्षरांचे जे हाल होतात, ते पाहवत नाहीत.

गोंडी, माडिया, कोलामी किंवा कोरकू भाषक माणूस तुमच्यासाठी मराठीत बोलत असेल, तर शक्य तेथे त्याला आपल्या भाषेत बोलू द्या आणि भाषांतर गावातीलच जाणत्याकडून करून घ्या. त्या व्यक्तीचे श्रम प्रबंधात मान्य करा आणि तिला मानधन द्या.

९. नावे झाकणे

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, असे होत नाही. ‘एका गावातील तीन मुलींची विधवा आई, नवरा २०१५ मध्ये गेला’ एवढ्यावरून पंचक्रोशी तिला ओळखते. तुमचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढतो आणि तो जगात कोणालाही उघडता येतो. गावातील मुलगा तो मोबाइलवर वाचेल, हे गृहीत धरून लिहा. गावाचे नाव तालुक्यापर्यंत सैल करा, वर्ष दशकापर्यंत, मुलांची संख्या आणि व्यवसाय गरजेनुसार बदला, आणि हे बदल केल्याचे प्रस्तावनेत सांगा. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि संशोधक म्हणून त्यातून सूट मिळत नाही. अॅट्रॉसिटीचा किंवा जमिनीचा खटला चालू असेल तर त्या घराची मुलाखत न घेतलेलीच बरी. तुमच्या ध्वनिमुद्रणातील एखादा तपशील पुढे कोणाच्याही विरुद्ध वापरला जाऊ शकतो.

उलट बाजूही आहे. झडती रचणारा, नाटक लिहिणारा, गाणी म्हणणारी बाई यांना आपले नाव हवे असते आणि ते मिळणे हा त्यांचा हक्क आहे. त्यांना ‘माहितीदाता क्र. ७’ करणे हा अपमान आहे. दुःख सांगणारा आणि कला सादर करणारा एकच माणूस असेल तर दोन्हींसाठी वेगवेगळी संमती घ्या.

१०. लिहिताना आणि लिहून झाल्यावर

प्रबंधात साहित्यकृतींची प्रकरणे एकीकडे आणि मुलाखतींचे प्रकरण दुसरीकडे, अशी मांडणी बहुतेक जण करतात आणि मग मुलाखती परिशिष्टासारख्या लटकत राहतात. त्यापेक्षा कथनाच्या एकेका वैशिष्ट्याभोवती प्रकरणे बांधा : कर्त्याचा लोप, यादीरूप आठवण, उपरोध, पुढच्या पिढीची उसनी आठवण. प्रत्येक प्रकरणात कादंबरीतील उतारा आणि गावातील बोलणे शेजारी शेजारी ठेवा. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये वऱ्हाडी बोली काय करते आणि आजची बाई त्याच बोलीत काय करते, हे असे समोरासमोर आल्यावरच दिसते. कादंबरीचा ‘खरेपणा’ मुलाखतींनी सिद्ध करण्याच्या फंदात पडू नका. तो प्रश्न साहित्याचा नाही.

मधूनमधून काम थांबवा. सलग अशी बोलणी ऐकून आणि ती रात्री पुन्हा हेडफोनवर ऐकून झोप उडते, चिडचिड वाढते. मार्गदर्शकांना हे सांगण्यात कमीपणा नाही. लेखनाचे आणि क्षेत्रकार्याचे आठवडे आलटून पालटून ठेवले तर निभावते.

मौखिकी झाल्यावर प्रबंधाची प्रत गावाच्या वाचनालयाला देण्याची पद्धत चांगली आहे, पण चारशे पानांचा तो ग्रंथ तेथे कोणी उघडत नाही. गाणी, झडत्या आणि कलावंतांची नावे असलेली वेगळी छोटी पुस्तिका काढा, आणि ज्यांचे ध्वनिमुद्रण केले त्यांना त्यांचा आवाज पेन ड्राइव्हवर किंवा त्यांच्या मोबाइलमध्ये घालून द्या. एखाद्या घरी ते माणूस तोपर्यंत वारलेले असते. अशा वेळी ध्वनिमुद्रण कोणाच्या हाती द्यायचे, हे संमतिपत्रातच विचारून ठेवलेले असावे. मूळ ध्वनिमुद्रणे किती वर्षे, कोणाकडे आणि कोणत्या अटींवर राहतील, हेही त्याच कागदावर लिहा, आणि विभागाच्या कपाटात ठेवणार असाल तर कपाटाची किल्ली कोणाकडे असेल तेवढे विचारून घ्या.